काळ्या वायरींची मोटरसायकल

करंटताईंना एकच नाव दोनदा मिळालं. पहिल्यांदा मिळालं ते शिवी म्हणून. त्यांना जन्म देताना आई गेली, आणि ज्या आत्याने पुढे त्यांना आणि थोरल्या भावाला वाढवलं, तिनेच पहिल्या आठवड्यात तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन "करंटी गं करंटी" असा सुस्कारा सोडला. तो सुस्कारा घराला चिकटला. दूध उतू गेलं, करंटी. छत्री हरवली, करंटी. आत्याच्या पोटात वाईट काही नसायचं, तिच्या जिभेला वळणच तसं पडलं होतं.

पुढे तिशीच्या सुमाराला बाईंनी गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकांना घरातल्या नावाची काय कल्पना? ती आपली "करंटवाल्या ताई" म्हणायला लागली आणि बोलता बोलता त्याचं करंटताई झालं. दुकानावर पाटी लिहायला आलेल्या रंगाऱ्याने विचारलं, "काय नाव घालू?" बाई म्हणाल्या, "तेच घाला. नाहीतरी सवय आहे."

दुकान म्हणजे लांबट शेड. छपराच्या मधोमध दोन पत्रे पारदर्शक प्लॅस्टिकचे होते. दुपारी त्यांतून दुधासारखा उजेड खाली यायचा, धुळीचे कण त्यात कुठलीही घाई नसल्यासारखे तरंगायचे. या वेळी करंटताई कुणाशी बोलायच्या नाहीत. गाडीशेजारी स्टूल घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि वायरींवरून बोटं फिरवायच्या. शेजारच्या रंगकामवाल्याला सुरुवातीला वाटायचं, बाई झोपल्या. मग पाच मिनिटांनी त्या डोळे उघडून म्हणायच्या, "इथे आतून तुटलीय," आणि वायर कापली की तांबं तिथेच काळं पडलेलं निघायचं.

ही विद्या त्यांना दादाने दिली होती. म्हणजे दिली असंही नाही. त्यांना ती त्याच्या शेजारी बसून लागली.

दादा सहा वर्षांनी मोठा. वडील बोटीवर, वर्षातून दोनदा घरी. घरात आत्या आणि ही दोघं. तेरा वर्षांचा असताना दादा शाळेनंतर मोटर वाइंडिंगच्या एका दुकानात जायला लागला आणि सरावासाठी वायरींची भेंडोळी घरी आणू लागला. एकदा त्याने दोन वायरी बहिणीपुढे धरल्या.

"ही कुठली?"

"तांबडी."

"आणि ही?"

"हिरवी. दिसत नाही का?"

"दिसते," तो म्हणाला. "सारखीच दिसते."

सात वर्षांच्या पोरीला ते आधी थट्टेचं वाटलं, मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने तिच्याकडून वचन घेतलं की हे आत्यालासुद्धा सांगायचं नाही. तेव्हापासून ती त्याचे डोळे झाली. तो जोडणी करायचा, ती शेजारी बसून "तांबडी, हिरवी, पिवळी" असं म्हणत जायची, आणि रंग सांगता सांगता कुठली वायर कुठे का जाते हेही तिच्या डोक्यात बसत गेलं. पण तिला शाळा होती. ती नसेल तेव्हा त्याचं अडायचं. मग तिनेच युक्ती काढली. पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे घेतले आणि शाळेत जाण्याआधी भेंडोळ्यातल्या वायरींच्या टोकांना बांधून ठेवू लागली. तांबडीला एक गाठ, हिरवीला दोन, पिवळीला तीन, निळीला चार. काळीला काहीच नाही. आणि गाठ सुटू नये म्हणून दोऱ्याचं शेपूट उलटं फिरवून त्याच गाठीतून ओढून घ्यायची. दादाची बोटं गाठी मोजायची आणि काम पुढे सरकायचं.

अशी बरीच वर्षं गेली. दादा एका कारखान्यात इलेक्ट्रिक खात्यात लागला. तिथे त्याला बहिणीला घेऊन जाता येईना. तो अंदाजाने, पाठांतराने, कुणाला तरी गप्पांत रंग विचारून दिवस काढत राहिला. एका दुपारी ती त्याचा डबा घेऊन कारखान्याच्या फाटकावर गेली, तर आतून जळक्या वार्निशचा वास येत होता. दादाने पॅनलमध्ये दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या आणि एक मोठी मोटर जळली होती. कुणाला इजा झाली नव्हती, पण फोरमन फाटकाशीच उभा होता. त्याने हिला पाहिलं.

"तू त्याची बहीण ना? खरं सांग, पितो ना तुझा भाऊ? शुद्धीत असलेला माणूस असलं काम करेल का?"

"नाही हो," ती कळवळून म्हणाली. "तो थेंबाला शिवत नाही. त्याला तांबडं-हिरवं कळत नाही."

बोलून झाल्यावर तिला दिसलं, फोरमनच्या मागे दादा उभा होता.

त्या दिवशी तो घरी आला, कपडे पिशवीत भरले, "आत्याला सांभाळ" एवढंच म्हणाला आणि गेला. टेस्टर, पक्कड आणि मीटर मागे ठेवून गेला. सहा महिन्यांनी आत्याच्या नावाने एक कार्ड आलं, "मी बरा आहे," पत्ता नाही. पुढे तेही नाही. बहिणीने काही दिवस त्या मीटरकडे नुसतं पाहिलं. मग एक दिवस शेजाऱ्यांच्या बंद पडलेल्या मोटारीला तो लावला.

याला अठ्ठावीस वर्षं झाली. मधल्या काळात तिच्या लग्नाचं दोनदा निघालं आणि दोनदा राहिलं. वडील गेले. आत्या नव्वदीला टेकली, तिला ऐकू कमी येऊ लागलं, पण जीभ शाबूत राहिली.

आणि मग एका धुकट सकाळी, शटर नुकतं वर गेलेलं असताना, एक बाई मोटरसायकल ढकलत दुकानात आल्या. इतक्या उंच की दारातून येताना त्यांनी मान आपोआप वाकवली. अंगावर नर्सचा पांढरा कोट होता, कोपरापर्यंत दुमडलेला.

"बाळंतपणं करते मी, घरोघरी जाऊन," त्या धापा टाकत म्हणाल्या. "ही दोन दिवस उभी राहिली की मेली. बॅटरी बदलून झाली, दोनदा. परवा एका बाईच्या कळा सुरू झाल्या आणि मी शेजाऱ्यांना गोळा करून हिला धक्का मारत बसले. मी पोचायच्या आत पोरगं पोचलं."

"ठीक आहे ना पोरगं?"

"पोरगं झकास आहे. माझीच अब्रू गेली."

करंटताईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. असली गाडी त्यांनी पाहिली नव्हती. इंजिन जुनं, एका सिलिंडरचं, पण बाकी सगळं हाताने घडवलेलं. चौकट लांबवलेली, टाकी मागे निमुळती होत गेलेली, हँडल रुंद आणि उंच. शिंपी माप घेतो तशी कुणीतरी या बाईंची मापं घेऊन गाडी त्यांच्या अंगाबरोबर शिवली होती. मागे सामानासाठी पत्र्याचा एक डबा होता. त्याचे कोपरे इतके सफाईने वळवलेले होते की करंटताईंचा हात त्यावर उगाचच दोनदा फिरला.

"कुणी केली?"

"पुलापलीकडे एक मिस्त्री आहेत. माणूस भला, पण अबोल. सगळं माझ्यासमोर केलं, वायरिंग मात्र दार लावून केलं." नर्सबाईंनी घड्याळ पाहिलं. "मला दोन घरी जायचंय. उद्या सकाळी येऊ?"

त्या चालत गेल्या. करंटताईंनी सीट उतरवली आणि कपाळाला आठ्या घातल्या. आतल्या सगळ्या वायरी काळ्या होत्या. एकूण एक.

अशी गाडी बघितली की दुसरा कारागीर कानाला खडा लावतो. वायरींचे रंग म्हणजे रस्त्यावरच्या पाट्या. त्याच नसतील तर शोधायचं कसं? पण करंटताईंनी घाई केली नाही. आधी त्यांनी बॅटरी पूर्ण चार्ज करून घेतली, थोडी निवू दिली आणि मीटर लावला. साडेबारा व्होल्टच्या वर. बॅटरी निर्दोष होती, बिचारीला उगाच दोनदा बदललं होतं. मग गाडी चालू करून त्यांनी एक्सलरेटर पिळला आणि पुन्हा बॅटरीवर मीटर धरला. आकडा चौदाच्या पुढे जायला हवा होता, तो तेराच्याही आत रेंगाळत होता. म्हणजे गाडी पळत असतानासुद्धा बॅटरीचं पोट भरत नव्हतं. आणि दोन दिवस उभी राहिली की मरते, म्हणजे किल्ली काढल्यावरही कुणीतरी करंट खात होतं. दुखणी दोन होती. एकाने जेवण तोडलं होतं, दुसरं रक्त पीत होतं.

दुपार झाली. रंगकामवाला जेवून आडवा झाला. पारदर्शक पत्र्यातून तो दुधाळ उजेड उतरला. करंटताईंनी स्टूल ओढलं, टाकी उतरवून बाजूला ठेवली आणि मुख्य वायरिंगच्या जुडग्यावरची टेप सोडवू लागल्या. टेप सुटत गेली, एकेक काळी वायर सुटी झाली. त्यांनी सवयीने डोळे मिटले. बोटं सरकत सरकत एका टोकाशी आली आणि तिथे काहीतरी बारीक, टणक लागलं. दोरा होता. वार्निश लावून कडक केलेला दोरा. त्याला एक गाठ होती. शेजारच्या वायरीला दोन गाठी. त्यापुढच्या वायरीला तीन. बोटांनी चौथी वायरही मोजली, आणि मगच त्या गाठीच्या उलट्या फिरवलेल्या शेपटावर थांबली.

डोक्याला कळायच्या आधी बोटांना कळलं होतं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. बाहेर कुणाची तरी सायकल गेली, लांब कुठेतरी नळ वाहत होता. किती वेळ गेला ते त्यांना नंतर सांगता आलं नाही. त्यांना वाटलं आपण सात वर्षांच्या आहोत, फरशी गार आहे, शाळेची घंटा व्हायची आहे आणि अजून पिवळीच्या गाठी राहिल्यात. मग त्यांनी डोळे उघडून गाडीकडे पाहिलं, तेव्हा त्या काळ्या जुडग्यात त्यांना रंग दिसायला लागले. एका गाठीची तांबडी, बॅटरीकडून निघून फ्यूजकडे गेलेली. दोन गाठींची हिरवी, हॉर्नची. तीन गाठींच्या तीन पिवळ्या, इंजिनातल्या कॉइलपासून, बॅटरीला जाणारा करंट आवरणाऱ्या रेग्युलेटरपर्यंत. सगळं वायरिंग व्यवस्थित रंगांतच केलेलं होतं. फक्त ते रंग बघायचे नव्हते, मोजायचे होते.

"बरा आहेस म्हणजे," त्या गाडीला म्हणाल्या.

मग नाक पुसून त्या उठल्या, कारण गाडी उद्या सकाळी द्यायची होती.

आता काम वाऱ्यासारखं चाललं. तीन पिवळ्यांत मीटर लावून पाहिला, इंजिनातून येणारा करंट तिन्हींत सारखा होता. रेग्युलेटरच्या स्वतःच्या तोंडाशी मोजलं तर चौदा पॉइंट चार, जसं हवं तसं. बॅटरीपर्यंत पोचेपर्यंत मात्र दीड व्होल्ट गळत होता. तांबड्या बाजूला काही गळत नव्हतं. गळत होतं ते परतीच्या वाटेवर, अर्थिंगला. रेग्युलेटर चौकटीला बोल्टने कसलेला होता आणि बोल्टखाली चौकटीचा रंग तसाच होता, जाड, गुळगुळीत, चकचकीत. रंगातून करंट जाणार कसा? कुठेतरी बोल्टच्या आट्यांना धरून थोडासा पाझरत होता इतकंच. करंटताईंनी पॉलिश कागदाने तिथला रंग घासून लोखंड उघडं केलं, शिवाय रेग्युलेटरपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक वेगळी जाड वायर टाकली. गाडी चालू केली. आकडा चढत चढत चौदाच्या पुढे गेला आणि तिथे शांत उभा राहिला.

राहिलं दुसरं दुखणं. किल्ली काढून त्यांनी मीटर बॅटरी आणि निगेटिव्ह वायर यांच्यामध्ये बसवला, म्हणजे जो कोणी चोरून खातोय त्याला मीटरमधूनच जावं लागेल. जवळपास शून्य दिसायला हवं होतं, पण मीटर सांगत होता एकशे ऐंशी मिलिअँपिअर. दोन दिवसांत एवढी छोटी बॅटरी रिकामी करायला तेवढं पुष्कळ झालं. त्यांनी एकेक फ्यूज काढला. आकडा हलला नाही. रेग्युलेटर सोडवला. आकडा ढिम्म. म्हणजे चोर फ्यूजच्या आधीच घरात शिरला होता. त्यांनी पुन्हा बॅटरीच्या तोंडाशी बोटं नेली. तिथून एका गाठीची आणखी एक बारीक वायर निघाली होती, ती चौकटीच्या नळीत शिरून मागे गेली होती. मागे म्हणजे डब्याकडे.

डबा बंद होता. त्यांनी त्यावर तळवा ठेवला. एक कोपरा कोमट होता.

करंटताईंनी जाऊन शटर खाली ओढलं आणि छपरातल्या पत्र्यांवर उन्हासाठी ठेवलेला पडदा सरकवला. शेडमध्ये अंधार झाला. क्षणभर काहीच दिसेना. मग डब्याच्या कुलपाच्या भोकातून उजेडाची एक पिवळी काडी बाहेर आलेली दिसली. ती समोरच्या भिंतीवर, पक्कडी टांगायच्या खिळ्यांमध्ये, एवढासा गोल ठिपका टाकत होती. बंद डब्यात दिवा जळत होता. दिवसरात्र, कुणासाठीही नाही. त्यांना तो विझवावासा वाटेना. त्या अंधारात बसून राहिल्या, आणि दादाने हा दिवा बसवताना काय विचार केला असेल ते त्यांना कळत गेलं. बाळंतिणीच्या दारात, हातात पिशव्या, घाई, अशा वेळी झाकण उघडलं की आतलं दिसावं. कुणाची सोय बघून काम करायची त्याची खोड गेली नव्हती.

झाकण उघडल्यावर चूक लगेच दिसली. झाकण लागलं की आतलं बटन दाबलं जाऊन दिवा विझायला हवा. पण झाकणाला चिकटवलेला रबराचा तुकडा झिजून पडला होता, त्यामुळे झाकण बटनापर्यंत पोचतच नव्हतं. बाहेरून कोणाला कळणार? त्यांनी जुन्या ट्यूबचा तुकडा कापून चिकटवला, त्या वायरीला स्वतंत्र फ्यूज दिला आणि झाकण लावलं. भिंतीवरचा ठिपका गेला. मीटरचा आकडा शून्याला आला. मग त्यांनी नव्या वायरीकडे पाहिलं. ती अर्थिंगची होती, काळी. तिला गाठ लागत नव्हती.

संध्याकाळी घरी गेल्यावर त्या आत्याच्या कानाशी वाकल्या. "आत्या, दादा सापडला."

"हरवला कधी होता?" आत्या म्हणाली. "गेला होता." मग खिडकीकडे तोंड वळवून तिने विचारलं, "भेटला का?"

"नाही. त्याने बांधलेल्या गाठी भेटल्या."

"काय भेटल्या?"

"गाठी."

"काहीतरीच बोलते," आत्या म्हणाली, पण त्या दिवशी तिने त्यांना करंटी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी बटन दाबलं आणि गाडी पहिल्या हाकेला बोलली. करंटताईंनी त्यांना दिव्याचं सांगितलं, तशा त्या खळखळून हसल्या. "म्हणजे इतके दिवस माझ्या कात्र्या नि पट्ट्या उजेडात झोपत होत्या."

"एक विचारू? या मिस्त्रींनी माझ्याबद्दल काही सांगितलं होतं का?"

"होतं की. म्हणाले, वायरिंगचं काही निघालं तर माझ्याकडे आणू नका. पुलाअलीकडे करंटताई म्हणून आहेत, त्यांच्याकडे न्या. त्यांना बघितल्याबरोबर कळेल."

"मग आधीच का नाही आणलीत?"

नर्सबाई जरा ओशाळल्या. "शेजारी म्हणाले, नावातच करंट्या, तिथे कुठे नेता?"

करंटताईंनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. "आज तुमच्या भेटी कुठल्या बाजूला आहेत?"

"पुलापलीकडेच. चला ना, बसा मागे."

पुलावर धुकं होतं. खालची नदी दिसत नव्हती, फक्त तिचा गारवा वर येत होता. करंटताई नर्सबाईंच्या रुंद पाठीमागे बसल्या होत्या, इंजिनाचे ठोके सीटमधून अंगात येत होते, आणि आपण पूल ओलांडतोय की एकाच जागी तरंगतोय हे त्यांना कळत नव्हतं. तिथे जाऊन काय बोलायचं हे त्या ठरवत होत्या. पूल संपला तरी ठरलं नव्हतं.

पलीकडे एका गल्लीच्या टोकाला घर होतं, त्याला लागून पत्र्याची शेड. अंगणात एक बुटकी, गोल चेहऱ्याची बाई कपडे वाळत घालत होती. नर्सबाईंनी करंटताईंना उतरवलं, "मी पुढे होते" म्हणाल्या आणि गाडी वळवून गेल्या. त्या बाईने ओल्या चादरीवरून पाहुणीकडे नीट पाहिलं. नाक पाहिलं, कपाळ पाहिलं.

"आलात होय एकदाच्या," ती म्हणाली. "मी वहिनी तुमची. तो आत आहे. ऐकू येतंय ना, ठोकतोय ते?"

शेडमध्ये दादा पाठमोरा बसून मडगार्डचा पत्रा ठोकत होता. केस पांढरे, मान तशीच एका बाजूला कललेली. दारातली सावली त्याच्या हातावर पडली. त्याने मागे पाहिलं नाही. हातोडी मात्र थांबली.

"नर्सबाईंच्या गाडीचा आवाज आला," तो म्हणाला. "अर्थिंग का?"

"अर्थिंग. रेग्युलेटरखालचा रंग खरवडला नव्हतास."

"हं. आणि?"

"डब्यातला दिवा. रबर पडलं होतं. फ्यूजही नव्हता त्याला."

"फ्यूज द्यायला पाहिजे होता," त्याने कबूल केलं. मग तो वळला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. तो पंचवीसचा असताना गेला होता, ती एकोणीसची होती. दोघांनाही समोरच्या माणसात जुनं माणूस शोधायला थोडा वेळ लागला.

"दोन वर्षं झाली इकडे येऊन," तो म्हणाला. "तुझ्या दुकानावरून सहा वेळा गेलो."

"सात," अंगणातून वहिनी म्हणाली.

"आत का नाही आलास?"

"येऊन काय सांगणार होतो?"

"हॉर्न वाजत नाही म्हणायचंस."

तो हसला नाही. हातोडीच्या दांड्यावरून अंगठा फिरवत राहिला. "मला राग खरं बोलल्याचा नव्हता. कधीतरी ते बाहेर येणारच होतं. तू इतक्या सहज सांगून टाकलंस, फाटकात उभं राहून, त्याचं लागलं. इतकी वर्षं जपलेलं."

"सहज?" करंटताई म्हणाल्या. "तो तुला दारुडा म्हणत होता."

"कोण?"

"फोरमन. पितो ना तुझा भाऊ, म्हणाला. मी म्हटलं, थेंबाला शिवत नाही, त्याला तांबडं-हिरवं कळत नाही. मग मला दुसरं काय सुचणार होतं?"

दादाने हातोडी खाली ठेवली. "मी आलो तेव्हा तू शेवटचंच बोलत होतीस," तो हळूच म्हणाला. "तेवढंच ऐकलं."

 अठ्ठावीस वर्षं एका अर्ध्या वाक्यावर काढली, हे दोघांनाही एकदम कळलं होतं, आणि इतकी मोठी गोष्ट कळल्यावर तिचं करायचं काय ते कुणालाच माहीत नव्हतं. वहिनी चहा घेऊन आली, दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता कप ठेवून तिथेच एका टायरवर बसली. दादाने चहाचा घोट घेतला. डोळे पुसले. मग कोपऱ्यातलं रंगवून वाळत ठेवलेलं दुसरं मडगार्ड उचलून बहिणीपुढे धरलं.

"याचा रंग कुठला झालाय सांग. ही म्हणते निळा. माझा हिच्यावर विश्वास नाही."

करंटताईंनी ते उजेडात नेलं. "निळाच आहे. जरासा हिरव्याकडे झुकलेला."

"म्हणजे निळा नाही."

"निळाच म्हणतात त्याला," वहिनी म्हणाली. "बारा वेळा सांगितलं."

"जरासा झुकलेला हे नाही सांगितलंस."

त्या गुरुवारी दादा आत्याला भेटायला आला. आत्याने त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, बारीक झालास म्हणून रागावली आणि मग दिवसभर त्याला काही ना काही खायला घालत राहिली. अजूनही तो दर गुरुवारी येतो. त्याच्या गाड्यांचं वायरिंग आता करंटताई करतात, रंगीत वायरींनी, आणि दार उघडं ठेवून. पण त्याने हट्टाने त्यांच्याकडून एक कबूल करून घेतलंय की प्रत्येक टोकाला दोराही बांधायचा. का, असं गिऱ्हाइकाने विचारलं तर दोघंही ऐकू न आल्यासारखं करतात.

पण करंटताईंना भाऊ भेटला त्या दिवसाबद्दल विचारलं तर त्या परतीच्या बसचं सांगतात. दुपारची वेळ, बस जवळजवळ रिकामी. वहिनीने निघताना दिलेली एक पिशवी त्यांच्या मांडीवर होती, तिच्यात काय आहे ते त्यांनी उघडून पाहिलं नव्हतं. धुकं उठलं होतं, खिडकीतून ऊन येत होतं. त्यांना कधी झोप लागली ते समजलं नाही. स्वप्नात काही नव्हतं, नुसता उजेड होता. जागं केलं ते कंडक्टरने.

"ताई, शेवटचा स्टॉप."

त्यांनी बाहेर पाहिलं. मोकळं मैदान, दोन उभ्या बसेस, पाण्याचा नळ. आपलं घर कधीच मागे गेलं होतं.

"तुम्ही परत जाताना उतरते," त्या म्हणाल्या.

"अर्धा तास थांबतो आम्ही इथे."

"थांबा की," करंटताई म्हणाल्या, आणि पिशवी छातीशी धरून पुन्हा खिडकीला डोकं टेकलं.